माझ्या हातचे चार रन

ब्रह्मा घाट, काशी
मार्गशीर्ष शु. अष्टमी

प्रिय रत्नाकर,

कुणाला विचारून टाकलंस रे ते कार्ड? आईच्या नावाने चिठ्ठ्या लिहायच्या आणि आईलाच पत्ता नाही, ही कुठली रीत? घरी तीन ओळी लिहितोस. तब्येत ठीक, झाशीत थंडी फार, सत्तावीस तारखेच्या मॅचला येतो. खाली ‘आईस नमस्कार’ एवढं शेपूट. आणि तिकडे बेलवरियाच्या मास्तरांना मात्र भरगच्च कार्ड, तेही सगळं माझ्यावर. मला ते परक्या माणसाने दाखवलं तेव्हा वाचावं लागलं. दिनानाथ मास्टरसाहेब शुक्रवारी मुद्दाम नदी ओलांडून आले. घाटाच्या एवढ्या पायऱ्या चढून म्हातारा धापा टाकत दारात उभा राहिला आणि पाण्याआधी खिशातून तुझं कार्ड काढलं. म्हणाले, “माताजी, आप निश्चिंत रहिए. विष्णू नहीं खेलेगा. हमने उसका नाम काट दिया है.” आणि मी वाचावं म्हणून कार्ड माझ्यासमोर खाली ठेवलं.

वाचलं मी. चौथीपर्यंत शिकले असले तरी एवढी हिंदी मला येते. ज्या माणसाने आमच्या माताजींना खोटं म्हटलं तो मैदानात असेल तर आमची टीम येणार नाही, असं लिहिलंस. खाली टीमचा कॅप्टन म्हणून सही. मास्टरसाहेब वर माझीच समजूत घालत बसले. म्हणे बरोबरच आहे मुलाचं, आईचा मान ठेवणारा मुलगा भाग्याने मिळतो. मी चहा ठेवला. साखर दोनदा घातली आणि त्यांनी तसाच प्यायला. जाताना विचारलं मी, विष्णू काय म्हणाला? तर म्हणाले, काय म्हणणार. यंदा नाव गेलं, आता त्याला पुन्हा कोण घेणार. पोरं नवीन येतात.

तेव्हापासून मला घरात बसवत नाही. तुझे बाबा विचारतात काय झालं, मी म्हणते गुडघा. शरदिनी विचारते, दादाचं काही बिनसलं का, तिला ओरडते. तिने काही केलं नाही, बिचारीने. शेवटी तुझा जुना टाक शोधून काढला आणि बसले. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. मी एकदाच लिहिणार आहे.

मागच्या वर्षीची मॅच तुला तोंडपाठ आहे. आल्यागेल्याला सांगतोस. झाशीलाही सांगत असशील की ब्रह्मा घाटाच्या टीमला शेवटचा गडी उरला होता, चार रन पाहिजे होते आणि रत्नाकरने महुआच्या झाडाकडे चौका मारला. मी ती गोष्ट ऐकताना दरवेळी काहीतरी आणायला आत जाते, हे तुझ्या कधी ध्यानात आलं का? आता मी सांगते ती मॅच, माझ्या बाजूने. मी त्या महुआखालीच बसले होते.

मुळात मी यायचंच नव्हतं. पण बेलवरियाच्या लोकांनी जेवायला बोलावलं आणि तुझ्या बाबांची पंचाईत झाली. टीममध्ये वासुदेवसारखे चार जण पाठशाळेतले, सोवळ्याशिवाय घास न घेणारे. गावचे लोक म्हणाले, पक्कं करतो, पुऱ्या तुपात तळतो, त्याला काय हरकत? पण बाबा म्हणाले, नाही, आमची बाई येईल आणि करील. गावच्या लोकांना वाईट वाटलं असेल, पण बोलले नाहीत. उलट महुआखाली जागा झाडून सारवून ठेवली, लाकडं फोडून ठेवली, मटार सोलून ठेवले, दूध-तूप आणून ठेवलं. सारवण विष्णूच्या बायकोने केलं होतं. मी पोचल्यावर तिच्या देखत त्या सारवलेल्या जागेवर तांब्यातलं गंगाजल शिंपडलं आणि मग चूल मांडली. आपल्यात असंच करतात, मी काही वेगळं केलं नाही. ती लांब उभी राहून बघत होती, पदर तोंडाशी धरून. मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं.

आणि आपल्याला पलीकडे नेलं कोणी? विष्णूनेच. सकाळी धुक्यात त्याची नाव घाटाला लागली. सगळी भांडी त्याने उतरवून घेतली असती पण मी हात लावू दिला नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून आणली. तो नुसता हसत होता. रामनगरच्या पुढे प्रवाह उलटा लागतो तिथे एकटा वल्हवत होता आणि वर तुमची चेष्टा करत होता. “पंडित लोग मंतर पढ़ के गेंद डालेंगे तो हम लोग का बचेगा?” वासुदेव म्हणाला, “तू तर पाण्यातला माणूस, तुला जमिनीवर धावता येतं का?” तर म्हणाला, “आज देख लीजिएगा, पंडितजी.” सगळे हसले. बाबासुद्धा हसले. तुझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल, पण ‘रत्नाकर भैया’ म्हणत होता तुला.

धावता येत होतं त्याला. मला तुमचं क्रिकेट कळत नाही असं तुम्ही समजता, पण चुलीपाशी बसून बाईला सगळं दिसतं. त्याने वासुदेवाचा उंच उडालेला चेंडू केवढा पळत जाऊन धरला, आठवतं ना? तुम्हीसुद्धा टाळ्या वाजवल्यात. गावाचे सत्त्याऐंशी झाले आणि मग तुम्ही खेळायला उतरलात. तेव्हा माझं वरण उकळत होतं. भात वैलावर ठेवला होता. शिरा झाला होता. मटारच्या उसळीला शेवटची उकळी यायची होती. पोरं एकामागून एक बाद होऊन महुआच्या पलीकडे येऊन बसत होती आणि विचारत होती, काकू, किती वेळ? सकाळपासून उपाशी सगळे. बाबा संध्या आटोपून पाट मांडत होते. मी सोवळ्याचं लुगडं नेसून एकटी चुलीपाशी, कुणी जवळ यायचं नाही, वाऱ्यानेसुद्धा शिवायचं नाही.

मैदानाची हद्द म्हणून चुन्याची रेघ मारली होती, ती माझ्या चुलीच्या पुढून जात होती. मधे दोन हात जागा. जागा सारवताना कुणाला सुचलं नाही की चेंडू इकडे येईल. मास्टरसाहेब अंपायर होते. त्यांनी सकाळीच मला हात जोडून विचारलं होतं, “माताजी, डर तो नहीं लगेगा?” मी म्हटलं, मला कशाची भीती? माझी भीती वेगळीच होती आणि ती तुम्हाला कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तो चेंडू चामड्याचा. माझ्या भाताला नाहीतर लुगड्याला लागला असता तर सगळं अन्न गेलं असतं. बाबांनी एक घास घेतला नसता, कुणाला घेऊ दिला नसता. मी सकाळपासून त्या चेंडूवर डोळा ठेवून होते, तुझ्यावर नाही.

मग तू मारलास. फटका जोरात नव्हता, तुलाही माहीत आहे. चेंडू दोन पोरांच्या मधून सुटला आणि गवतातून घरंगळत माझ्याकडे येऊ लागला. मागून विष्णू धावत येत होता. तिकडे सगळे ओरडत होते. चेंडूचा वेग कमी होत आला आणि रेघेच्या आतच, वीतभर राहिलं असताना, थांबला. ऐकलंस का? थांबला. मी डोळ्यांनी पाहिला. मैदानाच्या आत थांबला.

आणि विष्णू सरळ माझ्या अंगावर येत होता. मला वाटलं, हा आता चेंडू उचलणार आणि त्या वेगात चुलीतच शिरणार. मल्लाहाचा मुलगा, हातात चामड्याचा चेंडू, आणि माझं वीस माणसांचं अन्न उघडं. विचार केला नाही मी. हातात फुंकणी होती, लांबडी, लोखंडाची. ती पुढे केली आणि चेंडूला बाजूला सारला, उजवीकडे, की अरे तिकडे जा, तिकडून घे. उजवीकडे जमीन उताराची. चेंडू रेघेवरून गेला आणि खालच्या नालीत पडला.

विष्णू माझ्यापासून चांगला चार हात लांब उभा होता. टाचा रोवून, दोन्ही हात पसरून त्याने स्वतःला थांबवलं होतं. तो येणारच नव्हता जवळ. त्याला कळत होतं कुठे थांबायचं ते. मला कळलं नाही. तो नुसता म्हणाला, “अरे माई, ई का कइलू!” रागाने नाही, अगदी घरातल्या बाईला ‘हे काय केलंस’ म्हणावं तसं.

तोवर सगळे धावत आले. तुम्ही चौका चौका म्हणून नाचत होता. त्याने मास्टरसाहेबांना सांगितलं की गेंद अंदर रुक गई थी, माईने फुंकणीने ढकलली. मास्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. बाबा पाटावरून उठून आले होते. मास्टरसाहेब हात जोडून म्हणाले, “माताजी, जो आप कहेंगी वही होगा. काशी के पंडितजी के घर की बात है.” गावच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याच टीमची हार होती आणि त्यांनी निकाल माझ्यावर सोडला. असा मान मला जन्मात कुणी दिला नव्हता, माहेरी नाही आणि सासरीही नाही.

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? फुंकणीला चामडं लागलं, फुंकणी चुलीला लागली, मी सोवळ्यात आहे ती विटाळलेली. भात, वरण, शिरा, सगळं गावच्या गाईंना. तुम्ही सगळे उपाशी परत. बाबा चारचौघांत माझ्याकडे बघणार. आणि तुझे रन जाणार, तेही माझ्या डोक्यात आलं, खोटं कशाला सांगू. एवढं सगळं एका क्षणात आलं आणि मी म्हटलं, “गेंद अपने से गई.”

मास्टरसाहेबांनी हात हलवून चौका दिला.

विष्णूने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल माझा समज चुकला. पुन्हा म्हणाला, “माई, याद करिए.” मी उसळ ढवळत होते. मग तो मास्टरसाहेबांना म्हणाला की माई झूठ बोलत हईं. बस. त्यापुढचं तुझ्यासमोरच झालं. त्याच्याच गावच्या लोकांनी त्याला धरलं. बाबांनी चेहरा असा केला की मास्टरसाहेब शरमेने काळे पडले. त्यांनी त्याला सांगितलं, माताजींच्या पाया पड, माफी माग. पाया पडायला तर जवळ यावं लागतं, आणि मी सोवळ्यात. म्हणून तो त्या चुन्याच्या रेघेपाशी गुडघे टेकून बसला आणि रेघेवर कपाळ ठेवलं. “गलती हो गई, माई.” उठला तेव्हा कपाळाला चुना लागलेला होता. त्याची बायको तिथेच होती, सकाळी उभी होती तशीच. मी म्हटलं, ठीक है, ठीक है. आणि पानं वाढायला घेतली.

तू विचारशील, वर्षभर गप्प का बसलीस? बसले. विटाळाचं भय होतं. आठ दिवस मी बघत होते की कुणाचं पोट बिघडतं का, बाबांना ताप येतो का. काही झालं नाही. सगळ्यांनी मटारची उसळ तीनतीनदा मागून घेतली होती. मग हळूहळू विटाळाचं भय गेलं आणि दुसरं उरलं ते जाईना. घाटावर स्नानाला गेले की विष्णूची नाव दिसते. तो लांबूनच हात जोडतो. “परनाम, माई.” दुसऱ्या कुणी असं तोंडावर खोटं पाडलं असतं तर मी जन्मभर थुंकले असते त्याच्यावर, माझा स्वभाव तुला माहीत आहे. हा परनाम करतो. मी वेळ बदलली, पहाटे जायला लागले. तर तोही पहाटे असतो, माळ्यांची भाजी घेऊन येतो रामनगरहून.

मास्टरसाहेब कार्ड दाखवून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बेलवरियाला गेले. घरी सांगितलं, चंपाषष्ठीला भरीत करायचं आहे, रामनगरची मोठी वांगी बघून आणते. शरदिनीला बरोबर घेतलं नाही. दुसऱ्याच्या नावेने गेले. सगळ्या वाटेने वाक्य जुळवत होते, दोनच वाक्यं होती. तू खरं बोलला होतास, मी खोटं बोलले. हिंदीत करून बघितली, बरी वाटली. त्याच्या दारात पोचले तर तो नाव उपडी घालून डांबर लावत होता. धावत आला, लांब उभा राहिला. बायकोने नवी चटई आणून अंगणात टाकली आणि मागे सरली, की मी बसायला मोकळी. त्याने विचारलं बाबूजी कैसे हैं, रत्नाकर भैया को झाँसी में घर मिला कि नहीं. मी म्हटलं मिलेगा. मी म्हटलं थंडी फार आहे. मी वांग्यांचा भाव विचारला. माझी दोन वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

तो वांगी आणायला मागच्या वाडीत गेला तेव्हा त्याची बायको पुढे आली. इतकी वर्षं ती माझ्यासमोर बोललेली नाही. पदर ओढून, जमिनीकडे बघत म्हणाली, “माई, आप मास्टरसाहब से कह दीजिए न. इन्होंने माफी तो माँग ली थी. आप माफ कर देंगी तो इनको खेलने देंगे.” रत्नाकर, ती माझ्याकडे माफी मागत होती. माझ्याकडे. पुढे म्हणाली, लोक त्याला नावेत बसतानासुद्धा चिडवतात की माईला झूठा म्हणणारा हाच. रविवारी पोरं खेळायला जातात तेव्हा हा नाव घेऊन खाली निघून जातो, दिसू नये म्हणून.

मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, “देखती हूँ.”

तो दोन वांगी घेऊन आला, डोक्याएवढी. माझ्या हातात दिली नाहीत. चटईच्या कडेला जमिनीवर ठेवली आणि मागे झाला, मी उचलावीत म्हणून. मी उचलली आणि आले. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. बाबा म्हणाले, यंदा वांगी फार सुरेख मिळाली. मला एक घास गेला नाही. उपासाचं निमित्त सांगितलं, तर म्हणाले आज कसला उपास?

बाबांना मी हे सांगितलेलं नाही. सांगणार आहे, पण आधी तुला. त्यांना सांगितलं तर काय होईल ते मी आत्ताच बघू शकते. वर्षापूर्वी विटाळलेलं अन्न पोटात गेलं म्हणून प्रायश्चित्त काढतील, तीन दिवस पंचगव्य घेतील, वासुदेवाला आणि बाकीच्यांना बोलावून घ्यायला लावतील. सगळं भाताचं होईल. विष्णूचं नाव कुणी घेणार नाही. म्हणून मला ते आधी विष्णूचं करायचं आहे आणि मग भाताचं.

तर हे ऐक. पहिलं काम, मास्टरसाहेबांना दुसरं कार्ड टाक. विष्णूचं नाव पुन्हा यादीत घ्या, तो खेळणार असेल तरच आमची टीम येईल, असं लिही. कारण लिहू नकोस, कारण मी सांगणार आहे. सत्तावीस तारखेला मी बेलवरियाला येते. चूल मांडणार नाही. तुम्हाला दशम्या बांधून देते, दुधात भिजवलेल्या, त्या खा. नाहीतर गावच्या पुऱ्या खा, तुमचं तुम्ही ठरवा. मी दोन्ही टीमसमोर उभी राहून सांगेन की चेंडू आत थांबला होता. तुझे चार रन माझ्या हातचे होते, ते मी परत घेते आहे. गावाला काय द्यायचं ते मास्टरसाहेब बघतील. तुला राग येईल. येऊ दे. तुझ्या गोष्टीतला चौका गेला तर तू दुसरी गोष्ट सांग. तू तेहेतीस रन तर स्वतःचे काढलेच होतेस.

आता जे विचारायला बसले आणि पाच पानं खर्च करून अजून विचारलं नाही ते विचारते. तू मारलास आणि धावायला लागलास, तेव्हा तू माझ्या दिशेने पळत होतास. तुझ्या जोडीचा नरहर पलीकडच्या टोकाला पळत होता, त्याची पाठ होती. तुझं तोंड महुआकडे होतं. अर्ध्या वाटेवर तू थांबलास. चेंडू रेघेबाहेर जायच्या आधी थांबलास, मी ते पाहिलं, आणि नंतर हात वर केलेस. त्या दिवशी जेवताना तू पान अर्धं टाकून उठलास आणि परतताना नावेत सगळ्यांत पुढे जाऊन बसलास, माझ्याकडे पाठ करून, विष्णूकडेही पाठ करून. मी तेव्हा म्हटलं, दमला असेल. वर्षभर तेच म्हणत आले. पण मग ते कार्ड. ज्याने काही पाहिलं नाही तो आईसाठी रागावून असं कार्ड लिहील, हे मला समजतं. आणि ज्याने पाहिलं तोसुद्धा लिहील, विष्णू पुन्हा समोर यायला नको म्हणून, हेही समजतं. दोन्हींत कुठलं, ते मला कळत नाही. मी तुझी आई आहे आणि मला कळत नाही, म्हणून झोप नाही. तू पाहिलंस का? पाहिलं नसशील तर सत्तावीसला तू नुसता माझ्या बाजूला उभा राहा, बोलेन मी. पाहिलं असशील तर माझी माफी मागायची नाहीस, तुला गप्प बसायला मीच शिकवलं. पण मग रेघेपाशी आपण दोघांनी जायचं, आणि विष्णूच्या चार हात लांबून नाही. पुढच्या मंगळवारी दत्तजयंती आहे. तोवर तुझं कार्ड आलं पाहिजे, बाबांच्या नावावर नाही, शरदिनीच्या नावावर टाक. हो किंवा नाही, एवढंच लिही, बाकी समाचार नकोत. मंगळवारच्या टपालात काही आलं नाही तर बुधवारी सकाळी मी विष्णूच्याच नावेत बसून एकटी पलीकडे जाईन.

तुझीच,
आई